सिलेक्टरला दिलेलं वाण

आमच्या घरात 'शॅडो' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

शॅडो म्हणजे हॉकीच्या टीममध्ये असूनही नसलेली मुलगी. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबा गावची तेरा वर्षांखालच्या मुलींची टीम दरवर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत राज्याच्या स्पर्धेला जाते. बसने, किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावी, चार-पाच दिवस. निवडलेल्या मुली जातात. त्यांच्या नावांखाली आणखी दोन नावं असतात, त्या शॅडो. कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मुरगळला, तर त्यांनी जायचं. तोपर्यंत सगळ्या प्रॅक्टिसला यायचं, युनिफॉर्मचं माप द्यायचं, बॅग भरून तयार राहायचं आणि मनातल्या मनात दुसऱ्याच्या पोरीचा पाय मुरगळायची वाट बघायची. माझी लेक आदल्या वर्षी शॅडो होती. बस सुटायच्या सकाळी झाडून सगळ्या पोरी ठणठणीत! एकीला साधी शिंक आली नाही. आम्ही टाटा करून घरी आलो आणि लेकीने बॅगेतले टीमचे मोजे काढून परत खणात ठेवले. मी स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना कांदा चिरायला घेतला.

आता हॉकीतलं मला काय कळत होतं म्हणाल, तर काहीच नाही. मी टूवूंबात आले ती नर्सिंग शिकायला, नवरा आणि पाच वर्षांची पोर सोबत घेऊन. त्या वर्षांत युनि, म्हणजे इथलं विद्यापीठ, आपल्या पोरांनी नुसती ओसंडत होती. दर सेमिस्टरला नवी बॅच: पुण्याची, नाशिकची, नागपूरची. गावात बस तासाला एक, तीही आली तर आली. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी तो नातेवाईक. आमच्याकडे गाडी होती, म्हणून आम्ही बऱ्याच जणांचे नातेवाईक होतो. पुढे मला हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, झालं, घर घेतलं, तरी दर शनिवारी दोन-चार पोरं-पोरी जेवायला असायचीच.

लेकीने शाळेत हॉकीची काठी धरली तेव्हा नवरा सगळ्या गावाला सांगत सुटला, "हॉकी आमच्या रक्तातच आहे." हा माणूस नागपूरला गल्लीत क्रिकेट खेळला, तेही आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा. त्याचं रक्त मी स्वतः तपासलं तेव्हा थोडी साखर निघाली, बाकी काही नाही. पण पोरगी मात्र खेळायची. रोज संध्याकाळी गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर बॉल मारत बसायची, धाड्, धाड्, धाड्. मी नाइट शिफ्टला जायच्या आधी जरा पडलेली असले तर जीव नकोसा व्हायचा. पण एकदा ओरडले तर म्हणाली, "आई, डू यू वॉन्ट मी टू बी अ शॅडो अगेन?" त्यानंतर मी कानात कापूस घालून झोपायला शिकले.

सिलेक्शन ट्रायलच्या दिवशी होत नाही, ते वर्षभर कँटीनमध्ये होतं, असं मला एका आईने पहिल्याच सीझनला सांगितलं होतं. आम्ही दोघी तेव्हा सॉसेजबरोबर द्यायचे कांदे परतत होतो. मी सॉसेज खात नाही, पण कांदा मी असा परतते की क्लबने मला कायमची त्याच तव्यावर बसवली. तर ती म्हणाली, बघ, कोचची मुलगी टीममध्ये येणार. असिस्टंट कोचची येणार. मॅनेजर होईल तिची येणार. उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांनी पळायचं. यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. माणूस वर्षभर फुकट वेळ देतो, त्याची पोर टीममध्ये नसेल तर तो कशाला येईल, असा सरळ विचार.

"मग तू मॅनेजर हो," नवरा म्हणाला.

"आणि शिफ्टला कोण जाईल? तू?"

तो विषय तिथेच संपला. माझा स्वभाव असा की राग नाकावर असतो, हे माहेरीही सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीला मागच्या दाराने घुसवायचं, हे मला जमणारं नव्हतं. तिची ती येईल नाहीतर राहील, असं मी ठरवलं होतं. आणि मग जानेवारीत संक्रांत आली.

इथली संक्रांत म्हणजे एक गंमतच. काळी साडी नेसायची ती थंडीत ऊब मिळावी म्हणून, आणि इथे बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय. तरी मी दरवर्षी नेसते. रथसप्तमीच्या आत एक रविवार धरून हळदीकुंकू करते. त्या वर्षी मात्र आमच्या ओळखीची तीन मराठी कुटुंबं नोकरीपायी ब्रिस्बेनला निघून गेली होती. उरल्या युनिच्या चार मुली आणि मी. वाणाला तर मी पुण्याहून स्टीलचे क्लिपवाले डबे आणून ठेवले होते, चांगले जाडजूड. लुटायचे कुणाला? मग मी सरळ हॉकीच्या आयांना बोलावलं. आणि समोरच्या बाईंना.

समोरच्या बाई म्हणजे आमच्या घरासमोर राहणाऱ्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, शाळेत पीईच्या टीचर होत्या. इथल्या पद्धतीने आम्ही एकमेकींना नावानेच हाक मारायचो, पण घरात त्या 'समोरच्या बाई'च. त्यांच्या झाडाची लिंबं आमच्याकडे यायची, आमच्याकडची भाजी-आमटी त्यांच्याकडे जायची. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना बोलावलंय हे ऐकून माझी आई फोनवर चाचरत म्हणाली, "अगं, पण त्यांना कुंकू..." मी म्हटलं, "आई, कुंकू माझं, कपाळ त्यांचं. तू फोन ठेव."

काय सांगू, त्या वर्षीसारखं हळदीकुंकू परत झालं नाही! हॉकीच्या आया उन्हाळी फ्रॉक घालून ओळीत बसल्या, युनिच्या मुलींनी सगळ्यांच्या हातावर अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. लाडवांचा पाक जरा पुढे गेला होता, त्यामुळे तिळगूळ चांगलाच टणक झाला होता. समोरच्या बाईंनी हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "हा खायचा की काठीने मारायचा?" सगळ्या खो खो हसल्या. मग एकीने विचारलं, देताना तुम्ही काय म्हणता त्याचा अर्थ काय? युनिची एक मुलगी होती, अकाउंटिंगची, भलतीच उत्साही. तिने इंग्लिशमध्ये ठणकावून सांगितलं, "हे खाल्लंत की वर्षभर आमच्याबद्दल फक्त चांगलंच बोलायचं. कंपल्सरी आहे." परत हशा. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, डब्यात तीन-तीन लाडू घालून प्रत्येकीच्या हातात वाण दिलं. असिस्टंट कोचच्या बायकोला डबा इतका आवडला की तिने दोनदा विचारलं, खरंच ठेवू ना? म्हटलं, अगं, वाण परत घेत नसतात!

पुढच्या आठवड्यात ट्रायल होती. सकाळी लवकर आम्ही हॉकीच्या टर्फवर पोचलो. लेक सारखी मोजे वर ओढत होती. आणि सिलेक्टर बसतात त्या तीन घडीच्या खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीत, गॉगल लावून, मांडीवर पॅड घेऊन बसल्या होत्या समोरच्या बाई!

नंतर कळलं ते असं, की नेहमीच्या सिलेक्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि चारच दिवस आधी क्लबने बाईंना गळ घातली. तरुणपणी त्या स्वतः राज्याकडून खेळलेल्या होत्या म्हणे. इतकी वर्षं लिंबं दिली, पण हे कधी तोंडातून काढलं नाही.

मी नवऱ्याला म्हणणार होते की गप्प राहा, तेवढ्यात त्याने दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "हॅलो! गुड टू सी यू! अवर नेबर!" वर मला मराठीत म्हणतो, "अगं, आपलीच माणसं बसलीत!"

बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी मात्र पाहिलं.

पुढच्या रविवारी क्लबवर टीम जाहीर झाली आणि लेकीचं नाव त्यात होतं. शॅडोत नाही, टीममध्ये! ती किंचाळलीच. मी तव्यावरचे कांदे तसेच टाकून धावले. नवरा रडला आणि म्हणाला डोळ्यात धूर गेला. युनिच्या पोरांना फोन गेले, पावभाजी झाली, लेकीने टीमचा शर्ट अंगावर घालूनच जेवण केलं. असिस्टंट कोचची मुलगी त्या वर्षी पहिल्यांदाच शॅडोत गेली होती, हे माझ्या कानावर आलं होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

मंगळवारी लेक शाळेतून आली ती सरळ खोलीत गेली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी आत डोकावले. शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवलेला होता.

"काय झालं गं?"

"नथिंग."

"नथिंगचं तोंड असं नसतं. बोल."

मग तिने सांगितलं. पोरींमध्ये बोलणं चाललं होतं, की हिच्या आईने सिलेक्टरला घरी बोलावलं, गिफ्ट दिलं, कपाळाला काहीतरी लावलं आणि मिठाई खायला घालून वचन घेतलं की आमच्याबद्दल चांगलंच बोलायचं. असिस्टंट कोचने क्लबकडे रीतसर तक्रार केली होती. गुरुवारी मीटिंग होती. टीममध्ये बदल होऊ शकतो, असंही पोरी म्हणत होत्या.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! हळदीकुंकवाची लाच? अरे, देवाचं नाव घेऊन दिलेलं वाण ते! मी तावातावाने बोलायला लागले, पण पोरीने मध्येच विचारलं, "आई, जस्ट टेल मी. डिड दे पिक मी, ऑर डिड दे पिक द लाडूज?"

मी म्हटलं, "अगं वेडे, तुलाच घेतलंय." पण मला तरी कुठे ठाऊक होतं? ती म्हणाली, "यू डोन्ट नो दॅट," आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्या संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं नाही. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, तो नाही म्हणून मला घरात चैन पडेना. काठी कुठे आहे बघितलं, तर वॉशिंग मशीनच्या मागे सारलेली.

मी तशीच रस्ता ओलांडून समोर गेले. बाई जाळीच्या दाराशी आल्या, पण दार उघडलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "मीटिंग होईपर्यंत मी तुझ्याशी यावर बोलू शकत नाही."

"माझी पोर रडतेय."

"मला माहीत आहे. गुरुवारी ये."

आणि आत गेल्या. मी घरी येऊन इतकी चरफडले की नवऱ्याने गुपचूप स्वतःहून भांडी घासली. इतक्या वर्षांचा शेजार, आणि ही बाई मला जाळीआडून बोलते! तिची लिंबं फ्रिजमध्ये होती, ती सगळी बाहेर काढली. मग वाया जातील म्हणून लोणचं घातलं.

गुरुवारी शिफ्ट संपवून मी हॉस्पिटलच्या कपड्यांतच क्लबवर गेले. नवरा लेकीला घेऊन आला होता. ती म्हणाली होती, मी गाडीतच बसणार. आत लांब टेबलामागे क्लबचे प्रेसिडेंट होते, धिप्पाड शेतकरी माणूस, हॅट मांडीवर ठेवून बसलेले. एका बाजूला तिन्ही सिलेक्टर, दुसरीकडे असिस्टंट कोच आणि त्याची बायको. आणि टेबलाच्या मधोमध माझा डबा! झाकण उघडलेलं, आत दोन लाडू.

"यात तीन होते," बाई म्हणाल्या. "एक मी खाल्ला. तेव्हा मी सिलेक्टर नव्हते. बाकीचे दोन मी ट्रायलच्या दिवशीच इथे आणून दिले."

वाण परत केलं! तेही सगळ्यांसमोर! मला ते तक्रारीपेक्षाही जास्त लागलं.

असिस्टंट कोच उभा राहिला. तसा माणूस वाईट नव्हता, सगळ्या पोरींना हिवाळ्यात भल्या सकाळी चेंडू टाकत उभा राहायचा. तो म्हणाला, मला कुणावर वैयक्तिक आरोप करायचा नाही, पण गिफ्ट दिलं गेलं, चांगलं बोलायचं ठरलं, माझ्या बायकोने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याची बायको चपलांकडे बघत होती.

प्रेसिडेंटनी मला विचारलं, "यावर तुला काही म्हणायचंय?"

म्हणायचं म्हणजे काय! मी उठले. हे आमच्याकडे दरवर्षी करतात, म्हटलं. आलेल्या प्रत्येक बाईला तोच डबा, तेवढेच लाडू. लाच द्यायची असती तर मी लाडू तरी जरा मऊ केले असते! दोन सिलेक्टर हसले. मी थांबायला पाहिजे होतं, पण एकदा सुटले की मला थांबता येत नाही. म्हटलं, "आणि कोचची मुलगी दरवर्षी टीममध्ये असते. कोच रोज तिच्याच घरी जेवतो, हे कधी कुणी विचारलंय का?"

खोलीत कुणीतरी खोकलं. प्रेसिडेंट हॅटकडे बघत राहिले. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. बाहेर बाकावर असिस्टंट कोचची मुलगी बसली होती, संत्र्याच्या फोडी खात. आणि फोडी होत्या स्टीलच्या क्लिपवाल्या डब्यात.

"तो बघा!" मी ओरडलेच. "तो माझाच डबा! यांच्याकडेही पोचलीय लाच!"

सगळ्यांनी माना वळवल्या. असिस्टंट कोचने बाहेर पाहिलं, टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हा तिथला आहे?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "डबा छान आहे, मी तुला सांगितलं होतं ना, हळदीच्या पार्टीतला." तो कानापर्यंत लाल झाला. त्याला वाटलं होतं डबा फक्त सिलेक्टरलाच मिळाला. लोक हसत सुटले.

पण मला पुरतं हसता आलं नाही. ती पोर एकटीच बाकावर पाय हलवत बसली होती. शॅडो. मला एकदम खणात ठेवलेले मोजे आठवले.

प्रेसिडेंटनी टेबलावर हात आपटला. "गिफ्ट सगळ्यांना होतं, ते मिटलं. पण मत कुणी कसं दिलं, हा प्रश्न राहतो."

समोरच्या बाई म्हणाल्या, "माझं मत वाचून दाखव. माझी हरकत नाही."

"नक्की?"

"नक्की."

प्रेसिडेंटनी चष्मा लावला. तीन सिलेक्टर, प्रत्येकाने आपापली टीम लिहून दिलेली. माझ्या लेकीला दोघांनी टीममध्ये घेतलं होतं. एकाने शॅडोत टाकलं होतं.

"तो एक म्हणजे मी," समोरच्या बाई म्हणाल्या.

आणि मी, जिने आता देवाचे आभार मानायला हवे होते, ती मी खुर्चीतून उठून म्हणते काय, तर, "शॅडो? माझ्या मुलीला शॅडो? माझ्या हातचा लाडू खाऊन?"

अहो, ती खोली जी फुटली! प्रेसिडेंट हॅटने तोंड झाकून हसत होते. "मला वाटतं," ते डोळे पुसत म्हणाले, "लाच काही लागू पडलेली नाही. टीम आहे तीच राहील."

दारात हालचाल झाली. लेक गाडीतून कधी उतरली कुणास ठाऊक, बापाचा हात धरून उंबऱ्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सरळ बाईंकडे बघून तिने विचारलं, "सो इट वॉज़न्ट द लाडूज?"

"त्या दोघांनी लाडू चाखलेलासुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी चाखला, तर माझा एक दात हलतोय."

"मग तुम्ही मला का नाही घेतलं?"

"तुझी डावी बाजू उघडी आहे. बॉल डावीकडून आला की काठी उलटी फिरवायला हवी. तू पायच फिरवत बसतेस. मी रोज व्हरांड्यातून बघते. त्या गॅरेजवर तू शंभर मारतेस, आणि सगळे उजवीकडून."

मी तोंड उघडलं होतं, पण लेक हसली. त्या दिवसांतलं पहिलं हसू, चांगलं कानापर्यंत. "आई, शी'ज राइट," ती मला म्हणाली. "माय लेफ्ट इज रबिश!" एखाद्या पोरीला स्वतःची चूक ऐकून इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

असिस्टंट कोचने बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवला. "सॉरी, मेट," म्हणाला. मी "नो वरीज" म्हटलं आणि त्याच्या पोरीशेजारी बाकावर जाऊन बसले. तिने मला संत्र्याची फोड दिली. पुढे मे महिन्यात टीममधल्या एकीचा अंगठा मोडला आणि असिस्टंट कोचच्या पोरीलाही जायला मिळालं. अंगठा मोडल्याची बातमी ऐकून तिच्या आईने "अरेरे, बिचारी" म्हणताना ओठ कसे दाबून धरले होते, ते मी बरोब्बर ओळखलं.

टेबलावरचा डबा मात्र प्रेसिडेंटनी त्याच दिवशी माझ्या हातात दिला. बाई सिलेक्टर आहेत तोवर त्यांना ठेवता येणार नाही म्हणे. मी घरी आणून वरच्या फळीवर, मागे, दिसणार नाही असा ठेवला. त्यानंतर समोरून लिंबं येईनात आणि माझीही आमटी जाईना. रस्त्यात दिसलो की हवापाण्याचं बोलायचो. घरात पोर खूश होती तरी मला ते सलायचं. रोज संध्याकाळी लेक गॅरेजवर डावीकडून बॉल मारायची, काठी उलटी करून. निम्मे फसायचे, बॉल घरंगळत रस्ता ओलांडून बाईंच्या फाटकाशी जायचा. त्या व्हरांड्यातून उठायच्या, बॉल पायाने परत ढकलायच्या आणि पुन्हा जाऊन बसायच्या.

जूनच्या शेवटी बस सुटली, आणि या वेळी लेक आत बसून आम्हाला टाटा करत होती. आम्ही गाडीने मागोमाग गेलो, सोबत युनिची तीन पोरं आणि एक ताशा. तो ताशा कुठून आणला हे मी विचारलं नाही. टीम कुठल्यातरी मधल्याच नंबरावर आली. पण एका मॅचमध्ये समोरच्या टीमची ढांगुळी पोरगी हिच्या डावीकडून सुसाट निघाली. आणि माझ्या लेकीने मनगट फिरवलं, काठी उलटी केली आणि बॉल अलगद काढून घेतला. ताशा असा वाजला की अंपायरने आम्हाला दम भरला.

सप्टेंबरात, सीझन संपल्यावर, एका दुपारी दारावरची बेल वाजली. समोरच्या बाई उभ्या होत्या. हातात पिशवीभर लिंबं.

"काल क्लबची शेवटची मीटिंग झाली," त्या म्हणाल्या. "आता फेब्रुवारीपर्यंत मी कुणीही नाही. तुझ्याकडे माझी एक वस्तू आहे."

मी त्यांना बसवलं, खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला, धुतला, पुसला. तीळ होते, गूळ होता. संक्रांतीला चार महिने होते, पण म्हटलं असू दे. या वेळी पाक अगदी नीट ठेवला, मऊ. लाडू वळून होईपर्यंत लेक शाळेतून आली आणि बाईंच्या समोर जमिनीवर बसली. मी हळदकुंकवाचा करंडा आणला. मी काही सांगायच्या आतच बाईंनी कपाळ पुढे केलं.

मी त्यांच्या हातात डबा दिला, लाडू दिला आणि म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यांनी लाडू तोंडात टाकला, सावकाश चावला, संपवला. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "स्पर्धेत डावीकडून किती बॉल सुटले?"

"दोन," लेक म्हणाली.

"दोन जास्त झाले. आज ट्रायल असती तर मी तुला परत शॅडोतच टाकलं असतं."

मी भुवया वर केल्या. पण लेकीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ती उठली, दप्तर तिथेच टाकलं, काठी उचलली आणि पळाली. बाईंनी डबा उघडून दुसरा लाडू घेतला. बाहेर गॅरेजचं दार वाजायला लागलं, आणि आम्ही दोघी आत बसून कान देऊन ऐकत राहिलो, डावीकडून मारतेय ना ते.